सकाळचा शॉक

१

मास्तरीणबाई न्हाणीघरात पडलेल्या सापडल्या, तेव्हा कपडे धुण्याचं मशीन चालूच होतं. मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. उजवा हात मशीनच्या पत्र्याला टेकलेला, पाय अनवाणी, खाली ओली फरशी. चपला मात्र दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मान हलवली आणि बाईंच्या तळहातावरचा वाटाण्याएवढा काळा डाग सुनेला दाखवला.

"विजेचा आहे," ते म्हणाले.

मशीनला हात लावला की शॉक बसतो, अशी तक्रार बाईंनी आदल्याच दिवशी केली होती. सोमवारी दुपारी चार वाजता एक वायरमन येऊन गेला. त्याने मशीन उघडलं, आतून पाहिलं, झाकण लावलं आणि जाताना म्हणाला, "काही नाही बाई, बिनधास्त वापरा."

तो वायरमन म्हणजे आमचे हे.

आता ऐंशीला टेकले आहे मी. सकाळी काय खाल्लं ते विचारलंत तर जरा थांबावं लागेल, पण तो आठवडा मला तासातासाने आठवतो. मंगळवारी दुपारी हे घरी आले ते जेवायला बसलेच नाहीत. पेचकस घेतला आणि आमच्याच घरातले प्लगचे बोर्ड एकेक करून उघडायला लागले. स्वयंपाकघरातला उघडला, पाहिला, बंद केला. बाहेरच्या खोलीतला उघडला. परत स्वयंपाकघरातला.

"अहो, तो आत्ताच पाहिलात ना?"

"पाहिला गं. नीट पाहिला का ते आठवत नाही."

बारा वर्षं वायरिंग करणारा माणूस. स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता आणि मला तो उडताना दिसत होता.

संध्याकाळी निरोप आला. विद्युत निरीक्षक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, दुपारी तीनला मास्तरांच्या घरी जाऊन आले होते. त्यांनी न्हाणीघरातल्या सॉकेटच्या तिन्ही भोकांत टेस्टर घातला. एका भोकात पेटला, दोनात नाही. म्हणजे जसं असावं तसं. मग मशीन सील करून कचेरीत नेलं आणि टेबलावर दोन तास चालवलं. टिपूसभर वीज पत्र्याला उतरली नाही. सॉकेट ठीक, मशीन ठीक, मग चूक कोणाची? वायरमनने आत एखादी तार सैल सोडली असणार, ती पत्र्याला टेकली आणि मशीन हलवताना सुटली, असं साहेबांचं मत पडलं. शुक्रवारी ते अहवालावर सही करणार होते. सही झाली की ह्यांचा परवाना रद्द, आणि कागद पोलिसांकडे. निष्काळजीपणाने माणूस मारल्याबद्दल.

हे पेचकस हातात धरून उभेच होते. मला म्हणाले, "साहेब बरोबर असतील तर?"

मी चपला घातल्या आणि वन्संकडे गेले.

२

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, ह्यांची अक्का. वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर त्यांची अठरा वर्षं गेली होती. दिवसभर कानाला फोन लावून लावून डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. पेचकस त्यांनी आयुष्यात धरला नव्हता, पण बिघाड जितके त्यांनी ऐकले होते तितके दहा वायरमननी मिळून पाहिले नसतील. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "दिवसाला चाळीस तक्रारी ऐकते. एकेचाळिसावी घरी कशाला नेऊ?"

माझं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"वहिनी, लोक फोनवर काय सांगतात माहिती आहे? कधी बिघडतं ते. मी विचारते, कधी बिघडत नाही? आणि मग विचारते, ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवशी घरात दुसरं काय बदललं? तुझ्या नवऱ्याने हे विचारलं होतं?"

"त्यांनी मशीन उघडून पाहिलं."

"हं. त्याला लहानपणापासून आधी उघडायची घाई."

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि आम्ही दोघी मास्तरांच्या घरी गेलो. दारात चपलांचा ढीग होता. मास्तर ओसरीवर खुर्चीत बसले होते, दर दोन मिनिटांनी उठत, आत जाऊन येत, परत बसत. मला पाहून त्यांनी मान फिरवली. त्यांच्या शेजारची कोणी म्हातारी मोठ्याने म्हणालीच, "आता आल्यात तोंड दाखवायला."

माझे पाय तिथेच थबकले. वन्संनी कोपराने ढोसलं. "चल. त्या माझ्या डाव्या बाजूला बसल्यात, मला काही ऐकू आलेलं नाही."

स्वयंपाकघरात सून एकटी होती. नवरा परगावी नोकरीला, उद्यापर्यंत पोचणार. सासूसुनेचं पटत नव्हतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि दोन दिवसांत गल्लीने त्यातून बरंच काही शिजवलंही होतं.

"शॉक कधीपासून बसत होता?" वन्संनी विचारलं.

"बारा दिवस झाले असतील."

"रोज?"

"सकाळीच. मी दुपारी जेवणानंतर कपडे लावले की काही नाही. आई म्हणायच्या, तुला बरं कधी काही होत नाही!" तिचा आवाज चिरकला. "त्यांना वाटायचं मी मुद्दाम सकाळचं काम त्यांच्यावर ढकलते."

"आणि कधीच नाही असा एखादा दिवस?"

तिने जरा विचार केला. "रविवार. मधले दोन्ही रविवार मशीन अगदी शहाण्यासारखं वागलं."

वन्संनी लिहून घेतलं. "फक्त मशीनच? दुसरं काही?"

"एकदा फ्रीज. फरशी पुसून अनवाणी उभी होते, दांड्याला हात लावला तर झिणझिण्या आल्या. सकाळीच. पण मी कोणाला बोलले नाही. म्हटलं, लोक म्हणतील हिला आता सगळीकडे शॉक बसायला लागले."

"आणि मंगळवारी? आठव. एकेक गोष्ट."

सुनेने पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "मी धावत गेले. भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन थांबलं. मग आईंना ओढायला वाकले, खांदा मशीनला लागला आणि असा झटका बसला की मी मागे फेकले गेले. मग वायरला धरून प्लगच उपटला. त्यानंतर कुठे आईंना हात लावता आला."

"बटण बंद केल्यावर झटका बसला?"

"साहेबांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, घाबरलेल्या माणसाला काहीही आठवतं."

वन्संची पेन्सिल थांबली. त्यांनी सुनेकडे इतका वेळ पाहिलं की ती बिचारी चुळबुळायला लागली.

"तुला बरोबर आठवतंय," वन्सं म्हणाल्या. "या घरात सगळ्यात नीट तुलाच आठवतंय."

३

बाहेर येताच मी त्यांचा हात धरला. "म्हणजे काय वन्सं?"

"बटण बंद केलं की मशीनची वीज तुटते. तरी पत्र्याला वीज होती. म्हणजे ती मशीनमधून आलीच नव्हती. आणि फ्रीज? दोन वस्तू एकाच पंधरवड्यात, एकाच वेळेला, रविवार पाळून बिघडतात होय? धाकट्याने मशीनमध्ये काय केलं आणि काय नाही, त्याचा ह्याच्याशी संबंधच नाही. वीज दुसरीकडून येत होती."

मला एकदम हलकं वाटलं. "मग चला, साहेबांना सांगू!"

"काय सांगशील? दुसरीकडून म्हणजे कुठून?" त्या अंगणाच्या पायऱ्या उतरायला लागल्या. "साहेब विचारतील ना. सकाळी येते, दुपारी येत नाही, रविवारी येत नाही. अशी वेळ पाळणारी वीज नसते गं वहिनी. माणूस असतो."

मागचं अंगण नवंकोरं होतं. लालसर फरशी, अजून सिमेंटचा वास येणारी. अंगणाच्या पलीकडे एक खोली, तिथे भाडेकरू राहायचे. घड्याळं दुरुस्त करायचे. बाजारात त्यांचं टपरीएवढं दुकान होतं, बारा ते आठ. त्याआधी सकाळी साडेआठ ते साडेअकरा घरीच नाजूक कामं करत. रविवारी बहिणीकडे जात.

हे मला सुनेने जाता जाता सांगितलं होतं. आणखीही एक सांगितलं होतं. महिनाअखेर खोली रिकामी करा, असं मास्तरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं. मुलगा बदली होऊन परत येणार होता.

चालता चालता माझ्या डोक्यात ते सगळं एकदम जुळलं. सकाळ. रविवार नाही. बारीक तारांवर बसलेला हात. आणि डोक्यावरचं छप्पर जाणार म्हणून मनात राग.

"वन्सं," मी कुजबुजले, "ह्यांनीच."

वन्संनी दारावर टकटक केली.

४

घड्याळवाले काका चष्मा कपाळावर ठेवून खिडकीशी बसले होते. दुकानात गेलेच नव्हते. समोर टेबलावर उघडी घड्याळं, कपबश्यांवर उलट्या झाकलेल्या काचा, चिमटे. सगळं जिथल्या तिथे, फक्त माणूस जागेवर नव्हता. डोळे सुजलेले होते.

"बाई रोज नऊला चहा द्यायच्या, त्या खिडकीतून," ते म्हणाले. "मंगळवारी नऊ वाजून गेले. मी मनात म्हटलं, आज विसरल्या. बघा. आज विसरल्या, असं म्हटलं मी."

"खोली सोडायला सांगितली होती ना तुम्हाला?" वन्संनी सरळ विचारलं.

"हो. आणि दुसरी खोलीही त्यांनीच शोधून दिली. पलीकडच्या गल्लीत. ह्यापेक्षा मोठी आहे."

माझं जुळवलेलं सगळं तिथेच उसवलं. मी खाली बघितलं.

वन्संनी खोलीभर नजर फिरवली. टेबलावर मान वाकवलेला दिवा होता. भिंतीत सॉकेट, त्यात दिव्याचा प्लग. दिवा विझलेला होता.

"खिडकीशी का बसता? दिवा आहे की."

"बंद पडलाय हो. बारा दिवस झाले. दोन बल्ब बदलले."

"तारीख लक्षात आहे तुमच्या."

"आमचा धंदाच तो."

"मग दिवा बंद पडलाय, तर बटण चालू का?"

काकांनी सॉकेटकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होते. "ते... आला तर कळावं म्हणून. वीज गेली की आपण नाही का एक बटण चालू ठेवत? सकाळी बसलो की लावतो. दुकानात जाताना बंद करतो. तसा मी काळजी घेणारा आहे. आज जायचंच सुचलं नाही, म्हणून राहिलं."

वन्सं उठल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं काही काढावं तसं.

"टेस्टर लावून पाहिलात?"

"पाहिला ना. त्याचंच तर नवल. दोन्ही भोकांत पेटतो! एकात पेटायला हवा, इथे दोन्हीत वीज आहे, आणि दिवा मात्र लागत नाही."

ही तक्रार वन्संनी अठरा वर्षांत किती वेळा ऐकली असेल! मला त्यांनी नंतर सांगितलं, उन्हाळ्यात तर दिवसाला चार असायच्या. दोन्ही भोकांत टेस्टर पेटला म्हणजे दोन्हीकडून वीज येते असं नाही. ती एकीकडून येते, दिव्यातून पलीकडे जाते आणि परतीची तार तुटलेली असल्यामुळे तिथेच खोळंबते.

"काका," त्या म्हणाल्या, "हे सॉकेट पूर्वी कधी बिघडलं होतं?"

काकांनी एक चिमटा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"मास्तरांना सांगू नका. वायरिंगला हात लावायचा नाही अशी त्यांची ताकीद आहे. पण दोन वर्षांपूर्वी हे असंच बंद पडलं. उंदराने तार कुरतडली असेल. मास्तर म्हणाले वायरमन आणतो, आणतो. महिना गेला. इथे लोकांची घड्याळं पडलेली. मग मीच उघडलं. वरच्या मोठ्या भोकाची तार शाबूत होती. तिला दिव्याचं एक टोक लावून पाहिलं, तर दिवा लख्ख! एवढासा तांब्याचा तुकडा टाकला दोन भोकांच्या मध्ये. दोन वर्षं काही झालं नाही." त्यांच्या आवाजात कारागिराचा अभिमान होता, आणि तो बोलता बोलताच विरत गेला. "का हो ताई? का विचारता?"

"हे बटण आता मी सांगेपर्यंत लावायचं नाही," वन्सं म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्या अंगणातल्या नव्या फरशीवर उभ्या राहिल्या आणि पायाखाली बघत राहिल्या.

"अंगण कधी झालं, वहिनी?"

मला माहीत नव्हतं. पण आकडा मी ओळखला.

५

फरशीवाला बाजारामागे एका नव्या इमारतीच्या जिन्यावर काम करत होता. जाडजूड, बोलका माणूस. मास्तरांचं नाव काढताच त्याने दोन्ही हात वर केले.

"बाईंनी मला तीनदा उतार बदलायला लावला! पाणी इकडे वळतं, पाणी तिकडे वळतं. म्हटलं, बाई, पाण्याला विचारून बघू का? पण वाईट झालं हो. खरंच वाईट झालं."

"अंगणात भिंतीजवळ काही होतं का? काम करताना मध्ये आलेलं?"

"एक लोखंडी नळी. वीतभर वर आलेली. तिला एक पत्र्याची पट्टी बांधलेली, भिंतीतून आलेली. मास्तर तिला दोनदा अडखळले होते. मी विचारलं, ही कशाची? म्हणाले, जुन्या नळाची असेल, काढून टाक. मग काय, कापली. पट्टी भिंतीत दुमडली, वर सिमेंट मारलं. बघा जाऊन, सांधा दिसायचा नाही!"

"किती तारखेला?"

त्याने बोटं मोजली. आमच्या बोटांचा आणि त्याच्या बोटांचा हिशोब जुळला.

परतीच्या वाटेवर वन्सं खाली मान घालून भरभर चालत होत्या. मला मात्र राहवेना. "ती नळी जमिनीत जाणाऱ्या तिसऱ्या तारेची होती ना? अर्थिंगची?"

"हो."

"मग दोष मास्तरांचा? की काकांचा? की ह्या फरशीवाल्याचा?"

"तेच बघायचंय," त्या म्हणाल्या. "आणि तुला सांगते, मला ते बघावंसं वाटत नाहीये. तिघांतल्या एकानेही बाईंचं वाईट चिंतलं नव्हतं."

गुरुवारचा सबंध दिवस साहेबांची गाठ पडण्यात गेला. त्यांनी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा वन्सं म्हणाल्या, "तुमच्या खात्याच्या तक्रारी अठरा वर्षं मी निस्तरतेय साहेब. उद्या सकाळी दहा मिनिटं द्या. नाहीतर तुमचीच तक्रार नोंदवून घेईन, आणि खिडकी माझी आहे."

घरी हे पिशवीतलं सामान काढत होते, भरत होते. "अक्का, तू ह्यात पडू नकोस."

"तू फक्त टेस्टर घेऊन ये, धाकट्या. आणि बोलू नकोस."

६

शुक्रवारी सकाळी नऊला न्हाणीघराच्या दारात आम्ही दाटीवाटीने उभे होतो. साहेब घड्याळाकडे बघत. मास्तर भिंतीला धरून. सून, आणि तिच्यामागे परगावाहून आलेला तिचा नवरा, ज्याने ह्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. हे सॉकेटसमोर उकिडवे. घड्याळवाले काका मागे, दाराच्या चौकटीत.

"वरच्या मोठ्या भोकात टेस्टर धर," वन्सं म्हणाल्या. "हे अर्थिंगचं भोक. इथे कधीच वीज नसायला हवी. आहे?"

"नाही," हे म्हणाले.

"साहेब, बघताय ना?"

"हे मी मंगळवारीच बघितलंय, बाई."

"दुपारी तीनला बघितलंत. आमचा धाकटा आला तो सोमवारी चारला. तेव्हा काका दुकानात असतात." असं म्हणून त्या अंगण ओलांडून गेल्या. आम्हाला त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला, "लावते!"

टेस्टर पेटला.

"बंद करते!" विझला. "लावते!" पेटला. सुनेच्या तोंडून बारीक आवाज निघाला. साहेबांनी ह्यांच्या हातातला टेस्टर घेतला, स्वतः धरून पाहिला, आणि त्यांचा घड्याळाचा हात खाली गेला.

वन्सं परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"वीज एका तारेने येते, दुसरीने परत जाते," त्या म्हणाल्या. "तिसरी जमिनीत जाते, ती संकटासाठी. घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूचं अंग त्या तिसरीला बांधलेलं असतं. काकांच्या खोलीतल्या दिव्याची परतीची तार तुटली होती, म्हणून दिव्याची वीज तिसरीतून जायला लागली. दोन वर्षं ती अंगणातल्या नळीवाटे जमिनीत उतरत होती. कोणाला काही कळलं नाही. मग अंगण करताना नळी कापली गेली. वाट बंद. दिवा विझला. पण बटण चालू असलं की वीज दिव्यातून निघून तिसऱ्या तारेत येऊन थांबायची. फ्रीजवर, मशीनवर. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं कोणी हात लावेपर्यंत. म्हणून सकाळी. म्हणून रविवारी नाही. म्हणून मशीनचं बटण बंद केल्यावरही. ही पोरगी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती."

मास्तर हळूच खाली बसले, थेट फरशीवर. "नळी," ते म्हणाले. "मी म्हटलं, काढून टाक. तिचा पाय मुरगळू नये म्हणून अंगण केलं होतं हो."

काकांनी चौकट सोडली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "मास्तर, तांब्याचा तुकडा मी टाकला. मला पोलिसांत द्या." मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा हात चाचपडत काकांच्या मनगटावर गेला आणि तिथेच राहिला.

साहेबांनी घसा साफ केला. "म्हणजे वायरमनचा संबंध नाही. मी अहवाल बदलतो."

मी श्वास सोडला. तीन दिवसांत पहिल्यांदा पूर्ण सोडला.

"साहेब," हे म्हणाले.

"धाकट्या!" वन्सं ओरडल्या. "तुला म्हटलं होतं बोलू नकोस."

"साहेब, माझ्या पिशवीत टेस्टिंगचा बल्ब असतो. सोमवारी तो ह्या सॉकेटच्या विजेच्या आणि अर्थिंगच्या भोकात एक मिनिट धरला असता, तर तो पेटलाच नसता. नळी कापल्याचं तेव्हाच कळलं असतं. दोन वर्षांपूर्वी ह्या घराचं अर्थिंग मीच तपासलं होतं. म्हणून सोमवारी तपासलं नाही. आणि बाईंना म्हटलं, बिनधास्त वापरा."

न्हाणीघरात नळ टपटपत होता. वन्संनी डोळे मिटून घेतले. आपल्याच भावाला त्यांनी दोन दिवस खपून सोडवलं होतं आणि तो परत आत जाऊन उभा राहिला होता. मला ह्यांचा इतका राग आला, की तो आजही मला जसाच्या तसा आठवतो. आणि त्याच क्षणी मला हेही दिसलं, की मंगळवारपासून सतत काही ना काही उघडत, तपासत राहिलेले ह्यांचे हात आता शांत होते.

साहेबांनी टेस्टर ह्यांच्या हातात परत दिला. तो बल्ब त्यांनीही कुठे धरून पाहिला होता? शेवटी म्हणाले, "हे लिहून द्याल?"

"देतो."

७

कागद पोलिसांकडे गेला नाही. परवाना अकरा महिन्यांसाठी काढून घेतला. ते अकरा महिने हे एका दुकानात पंख्यांचे खोके उचलत होते. वन्सं दोन महिने त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरचा पंखा आवाज करतोय, बघायचा तर बघ. परवाना नसला तरी बहीण आहे."

काका पलीकडच्या गल्लीत राहायला गेले नाहीत. मास्तरांनी जाऊ दिलं नाही. मुलगा-सून पुढच्या खोल्यांत राहिले, काका मागेच. नऊला खिडकीतून चहा सून द्यायची.

मास्तरांच्या घराची वायरिंग मात्र तशीच होती. मुलाने दोन वायरमन आणले. मास्तरांनी दोघांना दारातून परत पाठवलं. अकरा महिने त्या घरात फक्त दिवे आणि पंखे चालले, बाकी सगळे प्लग काढून ठेवलेले. कपडे हाताने धुतले जात. सून मला बाजारात भेटली की म्हणायची, "वहिनी, तुमच्या ह्यांचा परवाना लवकर येऊ दे हो. माझी बोटं बघा."

परवाना मिळाला त्याच दुपारी मास्तर स्वतः आमच्या दारात आले. बसले नाहीत. "उद्या सकाळी या," एवढंच म्हणाले.

काम आठ दिवस चाललं. नवी फरशी फोडून नवा खड्डा खणला, फरशीवाला स्वतः आला आणि त्याने मजुरी घेतली नाही. सगळ्या घरभर नव्या तारा ओढल्या. ह्यांनी प्रत्येक सॉकेट तीनदा तपासलं. आठव्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तेव्हा न्हाणीघरात कपडे भरलेलं मशीन उभं होतं आणि बाहेर सगळं घर गोळा झालेलं होतं. कोणी आत जात नव्हतं. सून दारापर्यंत यायची आणि मागे व्हायची.

ह्यांनी बल्ब धरून पुन्हा एकदा तपासलं. मग बादलीभर पाणी फरशीवर ओतलं, चपला दाराबाहेर काढल्या आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून उजवा हात मशीनच्या पत्र्यावर सपाट ठेवला.

"मास्तर, बटण दाबा."

मास्तरांनी हात उचलला. तो हवेतच थांबला. "नाही जमणार रे मला," ते म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

डबा खाली ठेवायचंही मला भान नव्हतं. तो कडेला धरूनच मी पुढे गेले आणि बटण दाबलं.

मशीन घरघरलं, पाणी भरू लागलं, कपडे फिरायला लागले. ह्यांचा हात पत्र्यावरच होता. कपडे धुऊन होईपर्यंत त्यांनी तो काढला नाही, आणि तेवढा वेळ आमच्यापैकी कोणीही जागचं हललं नाही.